घरी मराठी वाचलं तर इंग्लिश कच्चं राहतं? नाही हो

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय, की इंग्लिश मीडियमच्या मुलांशी घरी मराठी बोलू-वाचू नका, नवीन शिक्षण धोरणातच तसं लिहिलंय म्हणे. अहो, उलटं आहे! 2020 च्या धोरणात शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतूनच शिकवा असं म्हटलंय. आणि गोष्ट समजून घेणं, पुढे काय होईल ते ओळखणं हे मूल एका भाषेत शिकलं की दुसरीतही कामाला येतंच. बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात, आणि लोकलमधून घरी यायला आठ वाजले तरी (आमचे रोजचेच) झोपताना दहा मिनिटं वाचून दाखवा, नाहीतर स्टेशनांच्या पाट्या वाचायला लावा, दादर ते ठाणे बराच अभ्यास होतो.