कुलूप लावलं, मग माणसं कुठे गेली?

जून २०२४ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या स्वच्छतागृहात तरुण अमली पदार्थ घेत असल्याचा व्हिडिओ फिरला, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मग महापालिकेचे बुलडोझर निघाले, पब-बारची अनधिकृत बांधकामं पडली आणि काकांनी लिहिलं, ‘पालिका एकदाची जागी झाली.’ त्या बांधकामांबद्दल मला जराही हळहळ नाही. पण झ्युरिकमध्ये बसून ते वाचताना मला इथलं प्लाट्झश्पिट्झ उद्यान आठवत राहिलं.

दोन नद्यांच्या संगमावरचं, राष्ट्रीय संग्रहालयामागचं हे उद्यान. १९८०च्या दशकाच्या शेवटी इथे उघड्यावर हेरॉइन टोचलं जायचं, विकलं जायचं. युरोपभरातून लोक यायचे. ५ फेब्रुवारी १९९२ रोजी शहराने फाटकाला कुलूप लावलं. माणसं मात्र नाहीशी झाली नाहीत. ती आसपासच्या इमारतींच्या जिन्यांत शिरली, आणि काही महिन्यांत जवळच्याच लेटन या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात पुन्हा तोच बाजार भरला. तो उठायला फेब्रुवारी १९९५ उजाडलं.

या तीन वर्षांत काय बदललं, ते आपल्याकडे कुणी विचारत नाही. देखरेखीखाली नशा करता येईल अशा खोल्या वाढल्या, तिथे परिचारिका आणि स्वच्छ सुया होत्या. १९९४ पासून, ज्यांच्यावर दुसरा कुठलाच उपचार लागू पडला नव्हता अशा रुग्णांना डॉक्टरांच्या हातून हेरॉइन देण्याचे प्रयोग सुरू झाले. आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ज्या गावचा माणूस, त्या गावाने त्याला परत घ्यायचं आणि सांभाळायचं, असं ठरलं. झ्युरिकच्या फुटपाथवर ओझं टाकून आपलं गाव स्वच्छ ठेवण्याची सोय संपली. पोलीस होतेच, पण या धोरणाच्या चार खांबांपैकी एक. उरलेले प्रतिबंध, उपचार आणि हानी कमी करणं. २००८ च्या सार्वमतात ६८ टक्के लोकांनी याला होकार दिला.

हे शहरही धडा विसरतं. जुन्या लष्करी बराकींजवळची देखरेखीची अशी एक खोली बंद झाली आणि २०२३ च्या उन्हाळ्यात क्रॅक ओढणारी माणसं शेजारच्या बागेत, मुलांच्या घसरगुंडीपाशी दिसू लागली. पालक चिडले, त्यांचं चुकलं नव्हतं. मी तिथून जाताना शहराच्या समाजकल्याण विभागाचे दोन कर्मचारी पाहिले. अंगावर गणवेश, पण पोलीस नव्हेत. त्यांतली एक जण एका बाकापाशी उकिडवी बसून एका पोराशी बोलत होती. बराच वेळ, आवाज न चढवता. हिवाळ्याच्या तोंडावर शहराने बराकींच्याच आवारात तात्पुरती खोली पुन्हा उघडली.

आता घरची गोष्ट. माझा आतेभाऊ एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या नादी लागला. आत्या त्याला घेऊन घराजवळच्या पालिकेच्या दवाखान्यात गेली. केसपेपरवर ‘तक्रार’ या रकान्यात काय लिहायचं, हे खिडकीतल्या बाईंनी दोनदा विचारलं. आत्याने सांगितलं ते त्यांना लिहवेना. शेवटी ‘अशक्तपणा’ लिहिलं. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि कागदाच्या मागे एका खासगी केंद्राचं नाव लिहून दिलं. त्या केंद्राच्या फीसाठी एफडी मोडावी लागली.

‘ड्रग्ज म्हणजे पोलिसांचं काम, नगरसेवक काय करणार?’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या एमआयडीसीत एमडीचा कारखाना सापडला, तो पोलिसांनीच शोधायचा, हे मान्य. पण १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचं ६४-अ कलम वाचा. अल्प प्रमाणात अमली पदार्थ सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. ते उपचार कुठे? सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या (म्हणजे पालिकेसारख्या संस्थेच्या), अथवा त्यांनी मान्यता दिलेल्या संस्थेत. कायद्याने पालिकेचं नाव घेऊन ठेवलंय. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे पालिकांच्या कामांच्या यादीत, सार्वजनिक आरोग्यही आहे.

झ्युरिककडे पैसा आहे आणि आपल्याकडे नाही, हे खरं. हेरॉइनला मेथाडोनसारखा पर्याय देता येतो, एमडीला तसं औषध नाही, हेही खरं. म्हणून इथली खोली उचलून तिथे ठेवा असं मी म्हणत नाही. पण एमडीवरचा उपचार मुख्यतः समुपदेशन आणि चिकाटीचा पाठपुरावा यांवरच उभा असतो. त्याला लागतो वॉर्डातल्या दवाखान्यात बसणारा प्रशिक्षित माणूस, आणि घरी जाऊन विचारपूस करणारी आशाताई. महागडी यंत्रं नव्हेत. १९८६ पासून पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे काम करतंय, ज्ञान बाहेरून आणायची गरज नाही. आणि वॉर्डाने एकत्र येऊन निर्णय घ्यायची सवयही आपल्याला आहे. आडवी बाटलीच्या मतदानात बायांनी दारूची दुकानं बंद पाडून दाखवलीत. एमडीला परवान्याचं दुकान नसतं, तिथे आडवी करायला बाटलीच नाही. म्हणून बायांची ती ताकद आता दवाखाना उघडा ठेवायला लागावी, असं मला मनापासून वाटतं.

आतेभावाला आठ महिने झाले, सावरलाय. दर रविवारी पाठपुराव्याच्या बैठकीसाठी दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो. पालिकेचा दवाखाना घरापासून चार मिनिटांवर आहे. रविवारी त्याला कुलूप असतं, आणि इतर दिवशी दुपारी एकनंतर.