पार्किन्सनची गोळी लांबवून काय मिळतं?

नागपूरच्या ज्येष्ठांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'हात थरथरणं म्हणजे नसांची कमजोरी, बी-१२ घ्या. एमआरआय नॉर्मल असला तर निर्धास्त राहा. पार्किन्सन निघालाच तर गोळी जमेल तितकी लांबवा, पाच वर्षांत तिचा असर संपतो.'

बी-१२ रक्तात कमी असेल तर जरूर घ्या. पार्किन्सनमध्ये कमी पडतं ते मेंदूतलं डोपामाइन नावाचं रसायन. कप उचलताना थरथरणारा हात बहुधा इसेन्शियल ट्रेमर या वेगळ्याच त्रासाचा असतो. पार्किन्सनचा कंप हात मांडीवर स्वस्थ पडलेला असताना दिसतो, तोही आधी एकाच बाजूला. काहींना तर कंप नसतोच. अंबाझरीला फिरताना एकच हात हलत नाही, पेन्शनच्या कागदावरची सही बारीक होत जाते, आणि घरचे म्हणतात, 'वय झालं जी.'

साधा एमआरआय पार्किन्सनमध्ये बहुतेकदा नॉर्मलच येतो. निदान होतं ते डॉक्टरांनी चालवून, वळवून, बोटं आपटायला लावून.

खरं नुकसान करतो तो गोळीचा सल्ला. घाना आणि इटलीतल्या रुग्णांची तुलना २०१४ साली प्रसिद्ध झाली. घानात लेवोडोपा, म्हणजे पार्किन्सनची हीच गोळी, बरीच उशिरा सुरू झाली होती. तरी असर मधेच ओसरणं, अंग आपोआप वळवळणं हे त्रास दोन्हीकडे आजाराला साधारण तितकीच वर्षं झाल्यावर सुरू झाले. नेदरलँड्समध्ये काहींना गोळी लगेच दिली, काहींना ४० आठवड्यांनी. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच निघाले (२०१९). गोळीने आजार थांबला नाही, पण वाढलाही नाही. थांबलेल्यांनी तेवढे महिने जखडलेल्या अंगाने काढले, एवढंच. डोस गरजेपुरताच हवा, हे मात्र खरं. आणि पुढे असर कमी वेळ टिकतो तेव्हा वेळा बदलतात, गोळी बंद करत नाहीत. 'गोळी लागूच पडत नाही' म्हणणाऱ्यांनी ती वरणभातासोबत घेतो का तेही पाहावं. प्रथिनांमुळे ती नीट शोषली जात नाही.

नागपुरात मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात आणि मिहानच्या एम्समध्ये न्यूरोलॉजी विभाग आहे. जाताना चालण्याचा मोबाइल व्हिडिओ आणि चालू गोळ्यांची अख्खी पिशवी न्या. चक्करसाठी महिनोन्महिने घेतलेली सिनारिझिन किंवा उलटीची मेटोक्लोप्रामाइडसुद्धा हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणं आणते. मात्र ती परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.