माणसे 4, जनावरे 1

काल संध्याकाळी टँकरच्या वर्गणीची जी पावती माझ्या हातात पडली, तिच्यावर ‘माणसे 4, जनावरे 1’ असे ठसठशीत अक्षरांत लिहिलेले आहे. आमच्याकडे गाय नाही, म्हैस नाही, आणि कुत्रे पाळायला इमारतीत परवानगी नाही. जनावर म्हणून जो नग धरला गेला आहे, तो म्हणजे बाथरूमच्या कोपऱ्यातल्या निळ्या टबातली गोल्डफिशची 112 पिल्ले होत, आणि त्यांच्यापायी मी 125 रुपये जास्तीचे मोजले आहेत.

ही पिल्ले मी मागितली नव्हती. लेकाच्या वाढदिवसाला त्याच्या बाबांनी काचेच्या टाकीसह दोन मासे आणले आणि ‘रोज चार दाणे टाकायचे, बाकी काही नाही’ असे सांगून ते त्या विषयातून कायमचे निवृत्त झाले. फेब्रुवारीच्या अखेरीस लातूरची थंडी ओसरून पाणी कोमट व्हायला लागले, तेव्हा एका माशाच्या गालांवर पांढरे बारीक ठिपके उठले. रोग समजून मी पाण्यात मीठ घातले. त्या तारुण्यपीठिका होत्या, हे दुसऱ्या दिवशी पहाटे कळले. कारण तो नर मादीला ढुशा देत टाकीभर पळवत होता आणि प्लास्टिकच्या झुडपाला राजगिऱ्याएवढी शेकडो अंडी चिकटली होती. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे काही वेळाने आईबाप दोघे मिळून तीच अंडी वेचून खाऊ लागले. लेक रडायला लागला, म्हणून मी ते झुडूप उचलून टबात ठेवले. माझा गुन्हा एवढाच.

निम्मी अंडी बुरशी येऊन पांढरी पडली आणि उरलेली चौथ्या दिवशी फुटली. नुकतेच निघालेले पिल्लू म्हणजे दोन डोळे लावलेला पापणीचा केस. पहिले दोन दिवस ती टबाला चिकटून स्वतःच्या पोटातल्या बलकावर जगली. त्यानंतर त्यांना दिवसातून चार वेळा भूक लागू लागली, आणि तोंड इतके बारीक की उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलीच्या फडक्यातून पाण्यात पिळावा लागतो. आमच्या सासूबाई माळकरी आहेत. त्यांनी या कामासाठी एक जुने पातेले गॅलरीत काढून दिले आणि ‘लेकरांचं औषध आहे ते’ असे स्वतःलाच सांगून पाठ फिरवली, हा त्यांचा मोठेपणा. मात्र बलक चिमूटभर जास्त झाला की पाणी नासते, त्यात अमोनिया वाढतो आणि पिल्लांचे कल्ले जळतात. म्हणून 30 लिटरच्या टबातले 10 लिटर पाणी रोज बदलावे लागते, तेही क्लोरीन उडून जावा म्हणून दिवसभर उघड्या बादलीत ठेवलेले. रोज 10 लिटर, आणि तेही लातुरात.

परवा ती बादली घेऊन जिना उतरताना तळमजल्यावरच्या नानांनी मला अडवले. नाना निवृत्त तलाठी आहेत आणि टँकरची वही त्यांच्याकडे असते.

“ताई, काय सांडायलात?”

“सांडत नाही नाना, कुंड्यांना घालायला नेते आहे. माशांचे पाणी आहे.”

“मासे किती?”

“मोजले नाहीत.”

न मोजलेली वस्तू जगात असू शकते, हे नानांना सहन होत नाही. ते वर आले, टबाशी उकिडवे बसले आणि पेनाच्या टोकाने पिल्ले मोजू लागले. पिल्ले अर्थातच पळत होती. “आरं, हलू नका की जरा!” असे त्यांनी त्यांना दोनदा खडसावले. पहिल्या मोजणीत 97 भरली, दुसरीत 131, तिसरीत 112. ‘तिसरी कायम’ असा त्यांनी निकाल दिला. मग चष्मा वर करून म्हणाले,

“सोन्याचे मासे म्हणता, आन् हे तर शेवाळागत काळपट हाईत.”

रंग यायला दोन-तीन महिने लागतात, कधी त्याहूनही जास्त, असे मी सांगितले.

“असू द्या. पाच वर्षांच्या आतल्या लेकराचा आपण निम्मा हिस्सा धरतो. ही लेकरं हाईत का नाहीत?”

“आहेत, पण माशांची.”

“पाणी पितेत का?”

“नाही. गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही, ते कल्ल्यांतून आपोआप आत शिरते.”

“म्हणजे न विचारता घेतेत,” असे म्हणत नानांनी ते लिहून घेतले. “आन् ऱ्हातेत कुठं?”

“पाण्यात.”

“चोवीस तास वापर.”

112 चे निम्मे 56, आणि अख्ख्या इमारतीत माणसे 54. म्हणजे न्यायाने निम्म्याहून जास्त टँकर माझ्या नावावर पडतो, असे त्यांनी मला वहीवर करून दाखवले. अखेर मेहेरबानी म्हणून सगळी पिल्ले मिळून एक जनावर ठरले.

हसू येते खरे, पण राग गेलेला नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा 10 वाघिणी आणि त्यांतले 5 लाख लिटर पाणी यांचे या गावाला केवढे अप्रूप वाटले होते. ज्या गावाने रेल्वेने आलेले पाणी प्यायले, तिथे बादलीचा हिशेब मागू नये असे मी म्हणणार नाही. मात्र दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ दर रविवारी पाइप लावून गाडी धुतात आणि ते पाणी नानांच्या दारावरून वाहत जाते, त्याची नोंद वहीत नाही. ते वर्गणी सगळ्यांत आधी भरतात आणि गाडीत बसवून नानांना दवाखान्यात नेतात. माझ्या टबात कोणाला बसवून नेता येत नाही.

पावती देऊन काल नाना गेले आणि अर्ध्या तासाने रिकामी बादली घेऊन पुन्हा दारात उभे राहिले.

“आजचं पाणी काढलं का? माझ्या कढीपत्त्यानं लई जोर धरलाय बगा त्यानं.”

मी 10 लिटर मोजून दिले. आज सकाळी दाराच्या कडीला कढीपत्त्याच्या चार काड्या अडकवलेल्या सापडल्या. त्यांतली एक वाळलेली होती.