कानात तेल? नको!

कुत्र्यांच्या खाजेवरच्या एका लेखात त्यांच्या खाजऱ्या कानात कोमट खोबरेल सोडायला सांगितलंय, ते कृपा करून करू नका. कुत्र्याची कर्णनलिका आधी खाली आणि मग आत वळते, इंग्रजी 'एल'सारखी. तेल त्या वळणात साचतं, ओल धरतं आणि यीस्टचं (एक प्रकारची बुरशी) फावतं. पावसाळ्यात तर विचारूच नका.

कुत्र्यांसाठीचं इअर क्लीनर नलिका भरेपर्यंत ओता, कानाच्या मुळाशी 20-30 सेकंद चोळा. पचपच आवाज आला म्हणजे क्लीनर खाली पोचलं. मग त्याला डोकं झटकू द्या (तुम्ही जरा लांब!) आणि वर आलेला मळ कापसाने टिपा. इअरबड अजिबात नको, मळ आत ढकलला जातो. मान एका बाजूला कललेली असेल, पू किंवा रक्त दिसत असेल, तर काहीही न घालता थेट डॉक्टर. पडदा फाटलेला असू शकतो.

अंगाच्या खाजेला डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिनचा (जंतुनाशक) शाम्पू सांगितला असेल तर फेस 10 मिनिटं अंगावर राहू द्या. लगेच धुतलात तर पैसे मोरीत. पंजांची बोटं कोरडी करायला विसरू नका. शेपटीच्या मुळाशीच जास्त चावत असेल तर आधी पिसवा शोधा.