फरशी गार लागतीय? तापवा की!

जानेवारी आहे. सोलापुरात गड्डा यात्रेचे पाळणे लागलेत, पहाटे पारा १५ अंशांवर आलाय आणि तुम्ही चहा टाकायला अनवाणी स्वयंपाकघरात गेलात. पाय फरशीला टेकताच अंगावर शहारा आला. अशा वेळी अडाणी माणूस चप्पल घालतो. नाहीतर जुनी सोलापुरी चादर चौघडी करून ओट्यापुढे टाकतो. तुम्ही तसलं काही करू नका. भौगोलिक मानांकन मिळालेली चादर पायाखाली घेणं बरं दिसत नाही, आणि मुख्य म्हणजे त्यात खर्चच होत नाही.

तुम्ही फरशीखाली विजेची हीटिंग केबल टाकून घ्या. नॉर्वेत टाकतात, कॅनडात टाकतात. तिथं बाहेर बर्फ असतो ही किरकोळ बाब झाली. व्हिडिओत त्यांची फरशी आपल्यासारखीच चकचकीत दिसते.

आधी जुनी शहाबादी उखडा. मे महिन्यात आजोबा तिच्यावर पाणी शिंपडून उघड्या पाठीनं पडायचे आणि दुपार काढायचे. वीज न घेता गार राहणारी वस्तू घरात ठेवणं मागासलेपणाचं. मिस्त्री दोनदा विचारील, "मालक, गार करायचीय का गरम?" गरम म्हणालात की बिचारा गप्प बसेल, मग हळूच म्हणेल, "उन्हाळ्यात तापतीच की." मनावर घेऊ नका. त्यानं व्हिडिओ बघितलेला नाही.

आता काम नीट समजून घ्या. कोब्यावर थेट केबल टाकायची नाही. मध्ये इन्सुलेशन बोर्ड हवा. तो वाचवलात तर बरीचशी ऊब खाली मुरुमात उतरेल आणि तुम्ही बिल भरून काळ्या मातीला शेक देत बसाल. बोर्डावर केबलची जाळी. केबलवर केबल चढता कामा नये, आणि उरली म्हणून कापायची तर मुळीच नाही. कापली की रोध, म्हणजे केबलचा विजेला होणारा अडथळा, कमी होतो, उरलेली गरजेपेक्षा जास्त तापते आणि जळते. कपाटाखाली, दिवाणाखाली जाळी नको, तिथं उष्णता कोंडते. टाइल बसवण्याआधी आणि बसवल्यावर मल्टीमीटरनं रोध मोजायचा. आपला वायरमन टेस्टर टेकवून "करंट हाय" एवढंच सांगतो. "ओहम किती?" विचारलंत तर हात जोडील.

आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की झटक्यात वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा घ्या. आपल्याकडे फरशी पुसत नाहीत, बादली ओतून धुतात, म्हणून सांगतोय. हे मात्र चेष्टेत नाही.

घर काळ्या मातीवर असेल तर मजा वाढते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया कच्चा असेल तर वरची फरशी तिच्याबरोबर नाचते. फरशीला चीर गेली तर सिमेंट भरून भागत होतं. आता चिरेबरोबर केबलही तुटेल, आणि ती कुठं तुटली ते शोधायला अर्धी खोली पुन्हा उखडता येईल. मिस्त्रीच्या पोराचं शिक्षण त्यातच होऊन जाईल.

बिलाचं म्हणाल तर दहा चौरस मीटरला, मीटरमागे १५० वॉट धरले, तर दीड किलोवॉट. पूर्ण तास चालली की दीड युनिट. विजेची ददात नाही. सोलापूरजवळ फताटेवाडीला १३२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. तिथं कोळसा जाळायचा, उजनी धरणाचं पाणी आणून त्याची वाफ करायची, वाफेनं टर्बाइन फिरवायचं, त्यात निम्म्याहून जास्त उष्णता वाया घालवायची, उरलेल्याची वीज करायची, ती तारेवरून तुमच्या घरी आणायची आणि तिची परत उष्णताच करायची. उजनीचं पाणी तुमच्या नळाला काही दिवसांआड येतं. निदान या वाटेनं तरी ते रोज घरात येईल.

दुकानदार 'कोल्ड स्लॅब' म्हणाला तर वर बघू नका. नॉर्वे-कॅनडावाल्यांच्या भाषेत स्लॅब पायाखाली असतो, आपला डोक्यावर. आपला स्लॅब एप्रिल लागला की दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकरापर्यंत अंथरुणावर ओततो. विनाकेबल, विनाथर्मोस्टॅट, पंचवीस वर्षं एकही तक्रार नाही. त्याच्यावर चुना मारा, ओली पोती टाका, असं सांगणारी म्हातारी माणसं गल्लीत अजून आहेत. त्यांच्या नादी लागू नका.

नवी फरशी दाखवायला पाहुणे बोलवायचे तर मे महिन्यातच बोलवा. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला केबल आपोआप बंद करणारा स्विच, २७ अंशांवर ठेवा. फरशीतला सेन्सर ३४ दाखवत असेल, म्हणजे केबल महिनाभरात एकदाही चालू झालेली नसेल. पाहुणे पाय टेकवून म्हणतील, "अगं आई गं, काय मस्त तापलीय! बिल किती येतं?" "शून्य," असं ठासून सांगा आणि कूलरमध्ये पाणी ओतायला उठा. नळाची पाळी परवा असेल तर जारवाल्याला फोन लावा.