मडमेचा झगा, कोकणची हवा

१८६० च्या आसपासचा मडमेचा झगा रत्नागिरीत शिवायला घेतला की कात्रीच्या आधी हवेशीच भांडण लागतं. टाचण्या रात्रभर मलमलीत राहिल्या तर सकाळी गंजाचे ठिपके. म्हणून आधी धावदोरा घालायचा आणि टाचण्या मुकाट डबीत. कॉर्सेटमध्ये, म्हणजे झग्याखाली कंबर आवळायच्या घट्ट पट्ट्यांच्या चोळीत, तेव्हा देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्या नाहीतर पोलाद असे. आपल्याकडे पोलाद म्हणजे आषाढात अस्तरावर तांबडे ओघळ. इलेक्ट्रिकच्या दुकानातले रुंद केबल टाय बरे. टोकं गोल कापून मेणबत्तीवर जरा शेकावीत, नाहीतर अस्तर फाडून बरगडीची विचारपूस करतात.

चोळीची मापं कॉर्सेट आवळल्यावरच घ्यायची, आणि पहिली चोळी मांजरपाटाची. बाही खांद्यावरून खाली उतरलेली असते, हात वर जात नाही. मग मुंढा, म्हणजे बाही जोडायचं भोक, मोठा करायचा मोह होतो. करू नये. मुंढा जितका खोल, तितकी हात उचलताना अख्खी चोळी वर चढते.

खरा छळ घेराचा. ४४ इंची पन्ह्याचे चार पट्टे जोडले की जवळजवळ साडेचार मीटर होतात, ते ६६ सेंटीमीटरच्या कमरेत कोंबायचे! मशीनच्या चुण्यांचा कमरेशी नुसता गोळा होतो. वरची कड आत दुमडून जाड दोऱ्याने धावदोऱ्याच्या दोन ओळी घालायच्या, टाका एक सेंटीमीटरचा, खालचा बरोबर वरच्याखाली. दोरे ओढले की सव्वादोनशे चुण्या उभ्या राहतात. ओळ जरा सरकली की साऱ्या आडव्या. कापड पातळ असेल तर दुमडीत फ्लॅनेलची पट्टी. मग एकेक चुणी हाताने कमरपट्टीला. लाइट गेल्याची सबबही चालत नाही. लांबीही खालून कापायची नाही: खालची कड सरळ ठेवून वरून पुढे जास्त दुमडायचं, मागे कमी, कारण फुगवटा मागे असतो.

घेर फुगवून धरणारा आतला पोलादी कड्यांचा सांगाडा १८५६ चा. बायका परकरांच्या थरांखालून सुटल्या म्हणतात. वेताची कडी करून तो ओटीवर टांगला की शेजारच्या काकू हमखास विचारतात, "काय गो, कोंबड्यांचं डालगं आणलंस?" खालचं कडं २८० सेंटीमीटर, जमिनीपासून वीतभर वर. खालच्या दोन कड्यांना कापड शिवलं नाही तर पाय आत अडकतो आणि माणूस पायऱ्यांवरून थेट तुळशीपाशी. व्यास ९० सेंटीमीटर, माजघराचं दार अडीच फूट. कडी दाबली की जमतं. विळीवर बसणं मात्र विसरा, मासे दुसऱ्याने कापावेत.

सांगाड्यावर खळीचा परकर हवाच, नाहीतर कडी बाहेरून मोजता येतात. पेजेची खळ झकास बसते, पण पावसात दुपारपर्यंत परकर मरगळतो आणि झुरळांचं फावतं.

आणि बूट सगळ्यांत आधी घालावेत. कॉर्सेट आवळल्यावर वाकता येत नाही, आणि नाड्या बांधायला काकूंना बोलवावं तर त्या आधी हसून घेतात.