दुसऱ्या डोळ्यातली गाठ आणि पहिल्या डोळ्याचा शेक

स. न. वि. वि.

लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग) हा साऱ्या शरीराचा आजार असताना एका डोळ्यापुरता शेक (किरणोपचार) देणे म्हणजे छप्पर गळत असताना एकच कौल बदलणे होय, आणि गुहागरच्या माझ्या मावशीला तीन वर्षांनी दुसऱ्या डोळ्यात गाठ आली यातच तो उपचार फसल्याचे दिसते, असा मावशीवरच्या माझ्या लेखनाबाबत आपला आक्षेप आहे. देवगडच्या माणसाने कौलाची उपमा द्यावी हे साहजिकच. पण पाणी दुसरीकडून येऊ लागले म्हणून बदललेल्या कौलाला बोल कसा लावावा? मावशीच्या डाव्या डोळ्याची खालची पापणी ओढली की शिजलेल्या कोळंबीसारखा गुलाबट पट्टा दिसे (डॉक्टर त्याला सामन माशाची उपमा देतात). तो शेकानंतर गेला आणि आजतागायत तिथे परतलेला नाही. हा माल्ट लिम्फोमा (अवयवांच्या आतल्या अस्तरात होणारा लिम्फोमाचा प्रकार) संथ असतो, तो पुन्हा उद्भवला तर बहुधा शेक न दिलेल्या जागी, आणि म्हणूनच तपासण्या वर्षानुवर्षे चालू ठेवाव्या लागतात. 'कायमची बरी झाली' हे माझे वाक्य मात्र चुकीचे होते; ते मी काढले आहे.

चार ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) दोन दिवसांचा शेक असताना २४ ग्रेसाठी बारा दिवस मुंबईत का काढले, हा आपला प्रश्न अधिक मोलाचा आहे. ब्रिटनमधल्या 'फोर्ट' चाचणीत संथ लिम्फोमांसाठी या दोन मात्रांची तुलना झाली, तेव्हा पाच वर्षांनंतर शेकलेल्या जागी आजार आटोक्यात राहण्याचे प्रमाण २४ ग्रेला सुमारे ९० टक्के, तर चार ग्रेला सुमारे ७० टक्के आढळले. तरीही डोळा कोरडा पडणे आणि मोतीबिंदू यांचा धोका कमी मात्रेत कमी असतो, शिवाय गरज पडल्यास पुढे अधिक शेक देता येतो. म्हणून उजव्या डोळ्याला डॉक्टरांनी चारच ग्रे दिले आणि मावशी तिसऱ्या दिवशी चिपळूणला उतरली.

नाकातल्या एनके/टी या लिम्फोमाच्या वेगळ्या, वेगाने वाढणाऱ्या प्रकाराला हा हिशेब लावू नये; तिथे ५० ग्रेच्या आसपास मात्रा लागते, जोडीला बहुधा केमोथेरपीही. आपल्या बंधूंना जठराचा माल्ट लिम्फोमा आहे, असे आपण लिहिले आहे. तिथे हेलिकोबॅक्टर जंतू सापडल्यास आधी प्रतिजैविके देतात आणि गाठ त्यांना दाद देत नसेल तरच सहसा शेकाचा विचार होतो, तेव्हा बायोप्सीच्या अहवालात त्या जंतूबद्दल काय लिहिले आहे ते आधी पाहावे.